रानपिंगळा आणि खरी नोंद

पिंगळा हा पक्षी आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा असेल. गांवाबाहेरच्या वडाच्या अथवा चिंचेच्या ढोलींत हें लहानसें घुबड राहतें. तिन्हीसांजा झाल्या कीं बाहेर येऊन चिरक्या आवाजानें कलकलाट करतें. आणि कोणी त्याच्याकडे टक लावून पाहिलें, तर मान खालीं-वर करून तेंही उलट त्याला निरखूं लागतें. पहाटेच्या प्रहरीं कुडमुडें वाजवीत दारोदार हिंडणाऱ्या व भविष्य सांगणाऱ्या जोश्यासही आपल्या लोकांनीं पिंगळा हेंच नांव दिलें; कारण या पक्ष्याची भाषा त्याला कळते, अशी समजूत आहे.

याच पिंगळ्याचा एक भाऊबंद रानांत राहतो. त्यास रानपिंगळा म्हणतात. १८८४ सालापासून १९९७ सालापर्यंत, म्हणजे तब्बल ११३ वर्षें, हा पक्षी कोणाही पक्षिशास्त्रज्ञाच्या निश्चितपणें दृष्टीस पडला नाहीं. तो पृथ्वीवरून नाहींसा झाला, असेंच पुष्कळांनीं धरून चाललें होतें. पुढें तो सांपडला, आणि तोही आपल्या महाराष्ट्रांत, खानदेशांतील शहाद्याजवळच्या रानांत. तो हरवला कसा व सांपडला कसा, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे; परंतु केवळ मनोरंजनासाठीं आम्ही ती येथें सांगत नाहीं. दुर्मिळ प्राण्यांचें रक्षण करावयाचें, तर त्याचा पाया कशावर रचावा लागतो, हें तीवरून जितकें स्पष्ट कळतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशावरून कळेल.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊं. रानपिंगळा सुमारें २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर लांबीचा असतो. तो दिसण्यांत साध्या पिंगळ्यासारखाच असल्यामुळें दोघांतील भेद नीट ध्यानांत ठेविले पाहिजेत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचें डोकें थोराड असून त्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. त्याची छाती सलग तपकिरी, तिच्याखालीं पोट पांढरें शुभ्र, पंखांवर व शेपटीवर ठळक आडवे पट्टे, आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनीं झांकलेले असतात. चोच व नख्या त्याच्या आकाराच्या मानानें बऱ्याच दणकट असतात. परंतु सर्वांत मोठा भेद दिनचर्येचा आहे. साधा पिंगळा मुख्यत्वें संध्याकाळीं व रात्रीं हिंडतो. रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. सकाळच्या वेळीं पानें झडलेल्या एखाद्या सागाच्या फांदीवर तो उन्हांत निवांत बसलेला असतो.

या पक्ष्याची पहिली शास्त्रीय नोंद १८७३ सालीं झाली. आदल्या वर्षीं एफ. आर. ब्लेविट यांस आजच्या छत्तीसगडांतील बसना-फुलझरच्या भागांत एक निराळें घुबड मिळालें होतें. तें त्यांनीं अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांजकडे धाडलें. हे ह्यूमसाहेब म्हणजे १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे तेच गृहस्थ. राजकारणापूर्वीं पक्षिशास्त्र हा त्यांचा मोठा व्यासंग होता, आणि हिंदुस्थानांतील पक्ष्यांचा त्यांच्याइतका मोठा संग्रह त्या काळीं दुसऱ्या कोणापाशींही नव्हता. हें घुबड नवीन जातीचें आहे हें ओळखून त्यांनीं त्याच्या शास्त्रीय नांवांत ब्लेविट यांचें नांव गोंविलें. त्यानंतर व्हॅलेन्टाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञास आजच्या ओडिशांतील खरियार भागांत असाच एक पक्षी मिळाला. आणि जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें १८८० च्या सुमारास खानदेशांत शहाद्याजवळ आणखी कांहीं नमुने मिळविले. सर्व मिळून अवघे सात नमुने जगांतील संग्रहालयांत जमा झाले, आणि १८८४ नंतर पक्षी जणूं अदृश्य झाला.

येथें नमुना म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. त्या काळीं दुर्बिणी व छायाचित्रें यांची आजच्यासारखी सोय नव्हती. पक्षी बंदुकीनें टिपीत, त्याचें कातडें पिसांसह काळजीपूर्वक सोलून काढीत, आंत कापूस भरून शिवीत, आणि पायाला एक लहानशी चिठ्ठी बांधीत. त्या चिठ्ठीवर पक्षी कोठें मिळाला, कोणत्या दिवशीं मिळाला, कोणीं मिळविला, एवढाच मजकूर असे. अनभिज्ञ माणसास त्या पेटींतील पिसांचा देखणेपणा दिसेल. परंतु अभ्यासकाची नजर आधीं चिठ्ठीकडे जाते. चिठ्ठी गेली तर पिसें राहतात, पण त्यांना सांगण्यासारखें फारसें कांहीं राहत नाहीं. नोंदीचें हें मोल ह्यूमसाहेबांसही फार कठोरपणें कळलें. कित्येक वर्षें जमविलेलीं त्यांचीं पक्ष्यांविषयींचीं हस्तलिखितें एका नोकरानें चोरलीं आणि सिमल्याच्या बाजारांत रद्दीच्या भावानें विकून टाकलीं. त्या धक्क्यानंतर त्यांचें मन या विषयावरून उडालें, व त्यांनीं आपला प्रचंड संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

रद्दींत गेलेली नोंद ही एक हानि झाली. परंतु त्याहून मोठी हानि खोट्या नोंदीनें होते, आणि रानपिंगळ्याच्या बाबतींत तीच झाली. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे इंग्रज सैन्याधिकारी पक्ष्यांचे नामांकित अभ्यासक म्हणून गाजलेले होते. त्यांनीं आयुष्यभर जमविलेला हजारों पक्ष्यांचा संग्रह १९५४ सालीं ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यांत एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलें होतें, कीं हा पक्षी १९१४ सालीं गुजराथेंत तापी नदीवरील मांडवी येथें मिळाला. चिठ्ठी खरी मानली, तर पक्षी १८८४ नंतरही तीस वर्षें निश्चित हयात होता, आणि त्याचा शोध मांडवीकडेही घेतला पाहिजे, असा अर्थ होत होता. एवढ्या नामांकित माणसाच्या शब्दावर अविश्वास दाखविण्याचें कोणास कारणही दिसलें नाहीं. पुढें ज्यांनीं ज्यांनीं या पक्ष्याचा विचार केला, त्यांनीं ही चिठ्ठी जमेस धरूनच केला.

१९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या डॉ. पामेला रासमुसेन या दक्षिण आशियांतील पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ तयार करीत होत्या. त्यासाठीं संग्रहालयांतील नमुने एकेक करून तपासणें भाग होतें. माइनर्ट्झहागेन यांच्या कित्येक नमुन्यांविषयीं तोंपर्यंत इतर अभ्यासकांनाही शंका येऊं लागली होती. डॉ. रासमुसेन व डॉ. नायजेल कॉलर यांनीं हा रानपिंगळा हातीं घेतला. पक्ष्याचें कातडें भरण्याची प्रत्येकाची एक हातोटी असते: कोणी टांके जवळ घालतो, कोणी दूर, कोणी पंख आंत एका तऱ्हेनें बांधतो, कोणी दुसऱ्या. शिंप्याची शिलाई जशी जाणकारास ओळखतां येते, तशीच ही हातोटी ओळखतां येते. क्ष-किरणांच्या साहाय्यानें व बारकाईच्या निरीक्षणानें त्यांस असें आढळलें, कीं हा नमुना एकदां भरून झाल्यावर पुन्हां उसवून नव्यानें भरलेला आहे. आणि नव्या भरणीखालीं पहिल्या कारागिराच्या हाताच्या खुणा शिल्लक आहेत. त्या खुणा होत्या जेम्स डेव्हिडसन यांच्या.

निष्कर्ष स्पष्ट होता. डेव्हिडसन यांनीं खानदेशांत मिळविलेला आणि संग्रहालयांतून चोरीस गेलेला एक जुना नमुनाच नवें रूप व खोटी चिठ्ठी घेऊन परत तेथें आला होता. १९१४ सालीं मांडवीस कोणताही रानपिंगळा मारला गेला नव्हता. हा सर्व पुरावा १९९९ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. एका प्रतिष्ठित माणसानें कीर्तीच्या लोभानें असें कां करावें, याचा उलगडा करण्याचें काम आम्ही नीतिशास्त्राच्या तासावर सोंपवितों. आम्हांस येथें त्याचा परिणाम पाहावयाचा आहे. मेलेल्या पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या त्या कागदाच्या तुकड्यानें जिवंत पक्ष्यांविषयींची जगाची समजूत चुकीची करून ठेविली होती.

खोटी चिठ्ठी बाजूस काढल्यावर उरल्या त्या खऱ्या चिठ्ठ्या. त्यांवर दोनच प्रदेश होते: पूर्वेकडील फुलझर-खरियार, आणि पश्चिमेकडील खानदेश. १९९७ सालच्या नोव्हेंबरांत डॉ. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट हे तिघे त्या चिठ्ठ्यांचा माग काढीत हिंदुस्थानांत आले. प्रथम त्यांनीं पूर्वेकडील रानें धुंडाळलीं. तेथें कांहीं हातीं लागलें नाहीं. मग ते खानदेशांत उतरले. शहाद्याच्या आसपासचा सपाट मुलूख डेव्हिडसन यांच्या काळीं होता तसा राहिला नव्हता. तेथें आतां शेती पसरली होती. म्हणून त्यांनीं उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याकडे मोर्चा वळविला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळीं एका उघड्या झाडावर त्यांस एक घुबड बसलेलें दिसलें. डोक्यावर ठिपके नाहींत, पोट पांढरें, पायांवर दाट पिसें: एकेक खूण त्यांनीं पडताळून पाहिली, आणि हा रानपिंगळाच याविषयीं शंका उरली नाहीं. एकशें तेरा वर्षांपूर्वीं जेथून तो नाहींसा झाला असें लिहिलें गेलें होतें, त्याच मुलखांत तो सांपडला. या वेळीं मात्र बंदुकीचा बार झाला नाहीं. शोधकांनीं त्याचीं छायाचित्रें व चलच्चित्र घेतलें आणि पक्षी आपल्या फांदीवर सुखरूप राहिला.

पक्षी सांपडला, परंतु तेवढ्यानें त्याचें रक्षण होत नाहीं. तो किती आहे, कोठें आहे, काय खातो, कोठें अंडीं घालतो आणि कशामुळें संकटांत आहे, हें कळल्याशिवाय कोणतें रान राखावें व कसें राखावें हें ठरवितां येत नाहीं. हें काम मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें अंगावर घेतलें. १८८३ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या वतीनें डॉ. फराह इश्तियाक व डॉ. असद रहमानी यांनीं १९९८ व १९९९ सालीं मध्य हिंदुस्थानांतील रानें पाहिलीं. उत्तर महाराष्ट्र व त्यास लागून असलेला मध्य प्रदेशाचा भाग यांतील चार ठिकाणीं मिळून त्यांस अवघे २५ पक्षी आढळले. तळोदा, तोरणमाळ आणि विदर्भांतील मेळघाट हीं त्यांपैकीं आपल्या प्रांतांतील ठिकाणें होत.

पुढील अभ्यासांत पक्ष्याच्या संसाराची माहिती मिळत गेली. त्याच्या भक्ष्यांत निम्म्याहून अधिक भाग सरडे, सापसुरळ्या यांचा असतो. त्याखेरीज उंदीर, किडे, क्वचित् बेडूक व लहान पक्षी. मादी झाडाच्या ढोलींत बहुधा दोन अंडीं घालते. अंडीं उबविण्याचें काम ती करते, आणि त्या काळांत नर तिच्यासाठीं भक्ष्य आणून देतो. घुबडाला स्वतः झाड पोखरतां येत नाहीं. सुतार पक्ष्यानें पाडलेल्या किंवा जुन्या खोडांत आपोआप झालेल्या ढोलीवरच त्याला अवलंबून राहावें लागतें. फार दाट रान त्याला मानवत नाहीं. पानगळीच्या, विरळ सागवानी रानांत, जेथें जमिनीवरचे सरडे फांदीवरून दिसतील अशा जागीं तो राहतो.

या साध्या दिसणाऱ्या माहितीचा उपयोग किती मोठा आहे, तो पाहा. ही माहिती नसतां एखादा भला माणूस म्हणेल, कीं रानपिंगळ्यासाठीं भरपूर नवीं झाडें लावावीं म्हणजे झालें. परंतु दहा वर्षांच्या झाडास ढोली कोठून असणार? आणि रोपें खेटून लाविलीं, तर भक्ष्य टिपण्यास मोकळी जमीन कोठून राहणार? याउलट वांकडा, पोकळ, फळ्या पाडण्यास निरुपयोगी म्हणून जो जुना साग आधीं जळणाकडे जातो, तोच या पक्ष्याचें घर असतो. सद्भावना चांगलीच, परंतु ती नोंदीच्या प्रकाशांत चालली नाहीं, तर ज्याला वांचवावयाचें त्याचेंच घर तिच्या हातून मोडण्याचा संभव असतो.

रानपिंगळ्यावरील संकटें अनेक आहेत. रान तोडून शेती होते. सरपणासाठीं झाडें पडतात. वणव्यांनीं ढोल्यांचीं झाडें जळून जातात. घुबड अशुभ आहे, अथवा त्याचे अवयव मंत्रतंत्रांस उपयोगी पडतात, या भोळ्या समजुतींमुळेंही घुबडांचा जीव जातो. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्याला सर्वांत कडक संरक्षण दिलेलें आहे. तथापि केवळ कायद्यानें प्रश्न सुटत नाहीं, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. सातपुड्यांत भिल्ल व पावरा, मेळघाटांत कोरकू हे लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. त्यांची चूल, त्यांचें घर आणि त्यांचीं गुरें याच रानावर अवलंबून आहेत. शहरांत राहून, शिजविण्यास गॅस व बसण्यास सागवानी खुर्ची वापरून, त्यांनीं फांदी तोडूं नये असा उपदेश करणें सोपें आहे. पक्षी राखावयाचा तर त्या लोकांस दुसरें सरपण व पोटापाण्याचें साधन मिळालें पाहिजे, आणि रानाची त्यांस असलेली माहिती आदरानें विचारली गेली पाहिजे. कोणत्या झाडाला ढोली आहे, हें गुराख्याच्या पोराइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

गेल्या पंचवीसांहून अधिक वर्षांत शोधकांनीं चिकाटी सोडली नाहीं, आणि तिचें फळही मिळालें. मेळघाटांत पक्ष्याचीं अनेक ठिकाणें सांपडलीं. यावलच्या रानांत तो दिसला. २०१४ सालीं तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यांत, जेथें तो असेल अशी कोणास कल्पनाही नव्हती, तेथें त्याची नोंद झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादींत तो पूर्वीं अत्यंत संकटग्रस्त अशा वर्गांत होता. २०१८ सालीं त्यास एक पायरी खालच्या, संकटग्रस्त वर्गांत घेतलें. तरीही प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते ९९९ यांच्या दरम्यान असावी, असाच त्या संघाचा अंदाज आहे. एखाद्या मोठ्या शाळेच्या पटावर याहून अधिक मुलें असतात.

गुजराथेंत डांगाच्या पूर्णा अभयारण्यांतही अलीकडे रानपिंगळा आढळला आहे, आणि डांग मांडवीपासून फार लांब नाहीं. तेव्हां आमचा एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, कीं मग कर्नलसाहेबांची चिठ्ठी अगदींच खोटी कशी? प्रश्न चांगला आहे. समजा, एखाद्या मुलानें गणित न करतां शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरविलें आणि तें योगायोगानें बरोबर निघालें. तरी त्याला गणित आलें असें आपण म्हणत नाहीं. डांगांतील पक्षी तेथें प्रत्यक्ष जाऊन ज्यांनीं पाहिला, त्यांच्या नोंदीमुळें आपल्याला ठाऊक झाला. खोट्या चिठ्ठीनें त्यांत कणभरही भर घातलेली नाहीं. उलट इतकीं वर्षें संशोधकांचे श्रम तिची शहानिशा करण्यांत गेले.

आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतून काय घ्यावें? प्रत्येकाला सातपुड्यांत जातां येणार नाहीं. परंतु प्रत्येकाला एक वही ठेवितां येईल. शाळेच्या आवारांतल्या झाडावर, नदीकांठीं, सुटींत आजोळीं गेल्यावर तेथील माळावर जो पक्षी दिसेल, त्याचा दिवस, वेळ, जागा व वर्णन त्या वहींत लिहावें. जें दिसलें तेंच लिहावें. नांव ठाऊक नसेल तर नांवाची जागा कोरी सोडावी. अंदाजानें भरूं नये. मित्रानें दुर्मिळ पक्षी पाहिला म्हणून आपणही पाहिला असें लिहूं नये. घरटें दिसलें तर त्याला हात लावूं नये, आणि दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची जागा गांवभर सांगत सुटूं नये. आईबापांसही आमची विनंति आहे, कीं मुलगा पुस्तक टाकून झाडाकडे पाहत बसला तर त्यास लगेच रागें भरूं नये. त्याच्या वहींतली नोंद एकदां वाचून पाहावी.

पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या कथेंत मनुष्याला बागेची राखण करण्याचें काम आधीं सोंपविलेलें आहे, आणि प्राण्यांना नांवें देण्याचा प्रसंग त्यानंतर येतो. रानपिंगळ्याला नांव देऊन आतां दीडशें वर्षें होऊन गेलीं. राखणीचें काम मात्र १९९७ नंतरच कोठें सुरू झालें आहे, आणि तें करणाऱ्या हातांची अजून फार उणीव आहे. खानदेशांतून, विदर्भांतून व ठाण्याकडून आमच्या शाळेंत जीं मुलें येतात, त्यांच्या घरापासून तीं रानें दूर नाहींत. पुढील सुटींत त्यांपैकीं कोणी सकाळच्या उन्हांत सागाच्या वठलेल्या फांदीवर एखादें लहानसें घुबड बसलेलें पाहिलें, तर त्यानें प्रथम त्याच्या डोक्यावर ठिपके आहेत कीं नाहींत तें नीट पाहावें, आणि मग वही उघडावी.